फाइल मोठी, माहिती थोडी

स्क्विड हा प्रॉक्सी, म्हणजे मशीनं आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसून येणाऱ्या फाइलींच्या प्रती (कॅशे) ठेवणारा मध्यस्थ, नव्याने बसवला आणि कॉन्फिगरेशनला हात न लावता चालू केला, तर अलीकडच्या आवृत्त्यांत डिस्कवर कॅशेच नसते. असते ती २५६ एमबी मेमरी, आणि तिच्यातही ५१२ केबीहून मोठ्या वस्तूला थारा नाही. डिस्कवर कॅशे उघडून दिली तरी ४ एमबीच्या वरची फाइल तिथे राहत नाही. प्रॉक्सी मुकाट्याने चालत राहतो, लॉगमध्ये मिसवर मिस पडत राहतात (मिस म्हणजे फाइल कॅशेत सापडली नाही, हिट म्हणजे सापडली), आणि ज्या कामासाठी तो बसवला तेच तेवढं होत नसतं.

ही ४ एमबीची मर्यादा कुणी चुकून ठेवलेली नाही. हार्वेस्ट या संशोधन प्रकल्पाच्या कॅशेतून १९९६ मध्ये स्क्विड वेगळा निघाला, तेव्हा वेब म्हणजे मजकूर, जीआयएफ चित्रं आणि मोडेम. त्या जगात ४ एमबी म्हणजे ऐसपैस. आजच्या प्रॉक्सीकडे मात्र छोट्या पानांचं काम फारसं उरलेलं नाही, कारण ती एचटीटीपीएसच्या बंद नळीतून थेट जातात. त्याच्या हाती लागतात त्या नेमक्या मोठ्या फाइली: विंडोज अपडेटचे तुकडे, डेबियन-उबुंटू या लिनक्सची पॅकेजं, आयएसओ म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल.

तालुक्याच्या गावातल्या कॉलेजची संगणक प्रयोगशाळा डोळ्यांसमोर आणा. ४० मशीन आणि १०० एमबीपीएसची एक लाइन. ६०० एमबीचा अपडेट चाळिसांनी स्वतंत्रपणे ओढला तर २४ जीबी होतात, आणि बाकी कुणी काही केलं नाही तरी लाइन जवळजवळ ३२ मिनिटं पूर्ण भरलेली राहते. तीच फाइल एकदा आत आली आणि मग १ जीबीपीएसच्या आतल्या नेटवर्कवरून वाटली, तर हिशेबाने सुमारे चार मिनिटांत काम आटोपतं. प्रत्यक्षात डिस्क आणि स्क्विड दोघेही थोडे मागे ओढतात, पण फरक नाव घेण्यासारखाच राहतो.

म्हणून पहिली उडी सगळे एकसारखीच मारतात: ‘मॅक्झिमम ऑब्जेक्ट साइझ’ १० जीबी करून टाकायची. (कॉन्फिगरेशनमध्ये अशा नावांतले शब्द अंडरस्कोअरने जोडलेले असतात, इथे वाचायला सोपं म्हणून मोकळे लिहितो आहे.) खरी गुंतागुंत तिथून पुढे सुरू होते. मोठी फाइल सांभाळायची तर प्रॉक्सीला तीन गोष्टी कळायला हव्यात. फाइल किती मोठी आहे, ती पुन्हा कुणी मागणार आहे का, आणि आत्ता मागणारा शेवटपर्यंत थांबणार आहे का. पहिली गोष्ट बहुतेक वेळा हेडर, म्हणजे उत्तराच्या सुरुवातीची माहिती, आल्यावर कळते, दुसरी काही दिवसांनी, आणि तिसरी डाउनलोड संपल्यावर. ठेवायची की नाही हे मात्र पहिल्याच बाइटला ठरवावं लागतं. छोट्या फाइलीबाबत निर्णय चुकला तर १३ केबी वाया जातात, मोठीबाबत चुकला तर ५ जीबी. पुढच्या बहुतेक सेटिंग्ज या अर्धवट माहितीवर घेतलेल्या निर्णयाला सावरण्यासाठीच आहेत.

आधी एक बारीक सापळा. ‘कॅशे डिर’ ही ओळ डिस्कवर कॅशे कुठे आणि किती ते सांगते; आकाराची ओळ तिच्या वर लिहायची. प्रत्येक कॅशे डिरची स्वतःची कमाल मर्यादा असते आणि ती वेगळी सांगितली नसेल तर मॅक्झिमम ऑब्जेक्ट साइझवरून घेतली जाते. फाइल वरून खाली वाचली जात असताना कॅशे डिर आधी आली, तर तिच्या अंगाला जुने ४ एमबीच चिकटण्याचा धोका असतो. कॉन्फिगरेशनमध्ये ६ जीबी लिहिलेलं डोळ्यांना दिसतं, कुठलीही तक्रार येत नाही आणि हिट काही पडत नाही. हाच क्रमाचा नियम ‘कॅशे रिप्लेसमेंट पॉलिसी’लाही, म्हणजे जागा भरल्यावर आधी काय काढायचं ते सांगणाऱ्या ओळीलाही, लागू आहे, ती आपल्या खालच्या कॅशे डिरनाच लागते. हा नियम थोडा तऱ्हेवाईक आहे, पण पुढे त्याचा उपयोगही करून घेता येतो.

आता जागेचा हिशेब. स्क्विड वस्तूचा सरासरी आकार १३ केबी धरून चालतो. त्या मापाने ४ जीबीची एक फाइल डिस्कवर यायची तर सुमारे ३ लाख २२ हजार छोट्या वस्तूंना बाहेर जावं लागतं. नेहमीची एलआरयू पद्धत फक्त ‘शेवटचं कधी विचारलं’ एवढंच पाहते. एखाद्याने सहज म्हणून लिनक्सची आयएसओ उतरवली, की ती त्या क्षणी सगळ्यांत ताजी ठरते आणि तिच्यासाठी लाखो उपयोगी तुकडे बाहेर पडतात. पुन्हा ती आयएसओ कुणी मागत नाही. माळ्यावर लग्नातलं पातेलं एकदा चढवलं की रोजच्या डब्यांना जागा उरत नाही, तसा हा प्रकार.

यावर स्क्विडमध्ये ‘हीप’ प्रकारच्या पद्धती आहेत. त्या एचपी लॅब्समधल्या १९९९ च्या सुमाराच्या संशोधनातून आल्या. त्यातली जीडीएसएफ प्रत्येक वस्तूला गुण देते: किती वेळा मागितली गेली त्याला आकाराने भागायचं आणि त्यात वयाचा एक आकडा मिळवायचा. मोठी फाइल आकारामुळेच मागे पडते आणि लवकर बाहेर जाते. दुसरी एलएफयूडीए. ती आकाराकडे बघत नाही, मागणी आणि वय एवढंच बघते. जीडीएसएफने हिटची संख्या वाढते, एलएफयूडीएने वाचलेले बाइट वाढतात. यातली कोणती चांगली हा प्रश्नच बरोबर नाही. लाइन वाचवायची आहे की पानं लवकर उघडायची आहेत हे आधी ठरवायला लागतं. प्रयोगशाळेच्या उदाहरणात लाइन वाचवायची आहे, म्हणून एलएफयूडीए. ती घेतली आणि आकाराची मर्यादा ४ एमबीवरच ठेवली तर घेण्याला अर्थ नाही. स्क्विडच्या स्वतःच्या टिपणांतही हे बजावलेलं आहे.

वयाचा तो आकडा का, हेही पाहायला हवं. नुसत्या मागणीवर गुण दिले तर मागच्या वर्षी दोनशे वेळा मागितलेला अपडेट आज कुणाला नको असतानाही पहिल्या नंबरावर बसून राहील. म्हणून दर वेळी एखादी वस्तू बाहेर गेली की तिचे गुण हा नवा तळ धरला जातो आणि नव्याने येणाऱ्या वस्तू त्या तळापासून मोजल्या जातात. जुनी फाइल कुणी विचारली नाही तर नव्या हळूहळू तिच्या वर चढतात. सगळ्या फाइली एकाच आकाराच्या असत्या तर भविष्य माहीत असताना आदर्श निवड सोपी आहे: जी सगळ्यांत उशिरा लागणार ती काढा. आकार वेगवेगळे झाले की भविष्य पूर्ण माहीत असूनही आदर्श निवड काढणं संगणकशास्त्राच्या अवघड प्रश्नांच्या वर्गात जाऊन बसतं. तेव्हा कुठलीही पद्धत अंदाजच करणार, हे धरूनच चालावं.

माझं मत असं, की एकाच डबक्यात दोन्ही प्रकारच्या वस्तू ठेवूच नयेत. कॅशे डिरला किमान आणि कमाल आकार सांगता येतो, आणि पॉलिसी ओळींच्या क्रमाने बदलता येते. तऱ्हेवाईक नियमाचा फायदा तो हा. आधी मॅक्झिमम ऑब्जेक्ट साइझ ६ जीबी. मग जीडीएसएफची ओळ, आणि तिच्याखाली १० जीबीची एयूएफएस (डिस्कवर फाइली ठेवण्याची एक पद्धत) प्रकारची कॅशे डिर, कमाल आकार १०४८५७६ बाइट, म्हणजे १ एमबी. मग एलएफयूडीएची ओळ, आणि तिच्याखाली दुसऱ्या डिस्कवर २०० जीबीची एयूएफएस, किमान आकार १०४८५७७ बाइट. लहान कमाल असलेली डिर वर आणि मोठी खाली, हा क्रम पाळायचा. हे आकडे बाइटमध्येच द्यावे लागतात. तिथे ‘१ एमबी’ लिहून चालत नाही. दोन डिस्क असतील तर उत्तम, कारण मोठ्या फाइलीचं सलग वाचन आणि लहान फाइलींची धावाधाव एकाच फिरत्या डिस्कवर आली की दोघांचाही वेग मरतो.

डिस्क २५० जीबीची आहे म्हणून कॅशे डिरला २५० जीबी लिहू नका. २० टक्के मोकळे ठेवून उरलेले लिहा. साफसफाई ९० टक्क्यांना सुरू होते आणि ९५ टक्क्यांच्या पुढे जोर धरते. १०० जीबीच्या कॅशेत या दोन खुणांमधलं अंतर ५ जीबी, म्हणजे एका आयएसओएवढं. अशा दोन आयएसओ एकाच वेळी उतरू लागल्या तर साफसफाई मागे पडते, आणि फाइलसिस्टिमच भरली तर स्क्विडला लिहिता येईनासं होतं. ही मोकळी जागा त्याच वेळेसाठी.

मेमरीची बाजू मात्र सुखाची आहे. ६४ बिट मशीनवर डिस्कवरच्या प्रत्येक जीबीमागे साधारण १४ एमबी रॅम निर्देशिकेला लागते असा जुना ठोकताळा आहे, आणि १०० जीबीला १.४ जीबी ऐकून लोक दचकतात. पण तो १३ केबीच्या सरासरीवर बेतलेला आहे. १०० जीबीत १३ केबीच्या सुमारे ८० लाख वस्तू मावतात. सरासरी २ एमबी असेल तर फक्त ५१ हजार. निर्देशिका वस्तूंच्या संख्येवर वाढते, आकारावर नाही. मोठ्या फाइली रॅमला हलक्या आणि डिस्कला जड. मात्र ‘मॅक्झिमम ऑब्जेक्ट साइझ इन मेमरी’ वाढवण्याचा मोह आवरावा. २५६ एमबीच्या मेमरीत १०० एमबीच्या दोन फाइली शिरल्या की उरलेल्या सगळ्यांनी कुठे जायचं? ती ओळ ५१२ केबीवरच शोभते.

इथपर्यंत आकार आधीच माहीत आहे असं धरलं. तो ‘कंटेंट-लेंग्थ’ हेडरमधून येतो. काही सर्व्हर तो देत नाहीत आणि तुकड्या-तुकड्यांनी उत्तर पाठवतात. मग प्रॉक्सीपुढे दोनच वाटा उरतात: एक तर ठरेपर्यंत मेमरीत अडकवून ठेवायची, नाहीतर डिस्कवर लिहायला घ्यायची आणि मर्यादा ओलांडली की लिहिलेलं टाकून द्यायचं. दोन्ही महाग आहेत. जे सर्व्हर असं सतत करतात त्यांच्यासाठी ‘स्टोअर मिस’ ही ओळ वापरावी. ती उत्तराचे हेडर आल्यानंतर तपासली जाते, त्यामुळे उत्तराच्या प्रकारावरूनही नकार देता येतो. जुनी ‘कॅशे डिनाय’ मागणीच्याच वेळी ठरवते, तेव्हा हातात फक्त पत्ता असतो.

आता मध्येच निघून जाणारे. कुणीतरी ७०० एमबीची फाइल सुरू करतं, ६९० एमबीला कंटाळून खिडकी बंद करतं. उरलेले १० एमबी आणायचे की आणलेले ६९० फेकायचे? स्क्विडकडे यासाठी ‘क्विक अबॉर्ट’चे तीन आकडे आहेत. किमान १६ केबी, कमाल १६ केबी आणि ९५ टक्के. ९५ टक्के वाचून बरं वाटतं: एवढी फाइल आली असेल तर तो पुरी करणारच. पण आकडे ज्या क्रमाने तपासले जातात तो पाहा. किमानपेक्षा कमी उरलं असेल तर पुरं करा. कमालपेक्षा जास्त उरलं असेल तर सोडून द्या. आणि मग टक्केवारी. किमान आणि कमाल दोन्ही १६ केबी असल्यावर टक्केवारीपर्यंत पाळी जवळजवळ येतच नाही. आपल्या ७०० एमबीच्या फाइलीचे ९८ टक्के आलेले असूनही १० एमबी हे १६ केबीहून जास्त, म्हणून सगळं फेकलं जातं.

टक्केवारीला जीव द्यायचा तर कमाल वाढवावी लागते; किमान १ एमबी, कमाल २०० एमबी आणि ८० टक्के अशी जोडी समजूतदार आहे. वर्गातला एखादा फाइल सुरू करून दोन मिनिटांत विसरला तर ती सुटते, आणि शेवटी कनेक्शन तुटलं तर ती पुरी होते. किमान आकडा उणे १ केला तर स्क्विड ठेवण्याजोगं प्रत्येक डाउनलोड शेवटपर्यंत नेतो, मागणारा असो वा नसो. विंडोज अपडेटसाठी हीच शिफारस सगळीकडे फिरत असते. ती चुकीची नाही, पण एकटीने लावू नये, आणि का ते पुढच्या भागात आहे.

रेंज. मोठ्या फाइलींचा सगळ्यांत अवघड कोपरा हाच. क्लायंट, म्हणजे फाइल मागणारा प्रोग्राम, नेहमी पूर्ण फाइल मागतो असं नाही; फाइलीचा ठरावीक तुकडा मागणं म्हणजे रेंज. विंडोज अपडेट तुकडे मागतो, डाउनलोड मॅनेजर आठ कनेक्शनं उघडून आठ ठिकाणांहून मागतो, डेबियन-उबुंटूची पॅकेजं आणणारं एप्ट तुटलेलं डाउनलोड उरलेल्या भागापासून पुढे चालू करतं. अशा मागणीला सर्व्हर २०६ या क्रमांकाचं, म्हणजे अर्धवट उत्तर देतो. एचटीटीपीचे नियम असे तुकडे साठवून जोडायची मुभा देतात, पण स्क्विड ते करत नाही. तो २०६ उत्तर ठेवतच नाही. पूर्ण फाइल आधीच कॅशेत असेल तर तिच्यातून हवा तो तुकडा कापून देतो. नसेल तर मागणी तशीच पुढे ढकलतो आणि आलेलं विसरतो. चाळीस मशीनांनी तुकड्या-तुकड्यांनी तोच अपडेट ओढला तर चाळिसांचे चाळीस वेळा मिस.

उपाय ‘रेंज ऑफसेट लिमिट’. शून्य म्हणजे मागितलं तेवढंच आणायचं, ‘नन’ म्हणजे कुठलाही तुकडा मागितला तरी फाइल पहिल्या बाइटपासून आणायची, म्हणजे ती ठेवता येते. मधला आकडा दिला तर तुकड्याची सुरुवात त्या अंतराच्या आत असेल तरच पूर्ण फाइल आणली जाते. ‘नन’ लावल्यावर काय होतं ते नीट पाहावं. क्लायंटने ३ जीबीच्या फाइलीचा शेवटचा १ एमबी मागितला. प्रॉक्सी पहिल्या बाइटपासून आणायला लागतो आणि क्लायंटला तोपर्यंत एकही बाइट मिळत नाही. काही मिनिटांनी क्लायंट वैतागून तोडतो. आता क्विक अबॉर्ट जागा होतो: आकडे जुनेच असतील तर आणलेलं सगळं टाकतो, आणि क्लायंट पुन्हा तोच तुकडा मागतो. हे चक्र रात्रभर चालू शकतं. किमान उणे १ असेल तर निदान फाइल पुरी होते आणि पुढच्या वेळी हिट मिळतो. म्हणून या दोन ओळी जोडीनेच लावायच्या.

जोडीने लावल्या तरी आठ कनेक्शनवाला डाउनलोड मॅनेजर आहेच. आठ तुकड्यांच्या आठ मागण्या जवळजवळ एकाच क्षणी येतात, एकही कॅशेत नसते, आणि प्रत्येक मागणी स्वतःची पूर्ण ३ जीबीची प्रत आणायला निघते. २४ जीबी, एका माणसासाठी. तो सोडून गेला तरी उणे १ मुळे सगळ्या प्रती शेवटपर्यंत येतात. इथे ‘कोलॅप्स्ड फॉरवर्डिंग’ चालू करावं लागतं. मूळ सेटिंगमध्ये ते बंद असतं. त्याने एकाच पत्त्याच्या एकाच वेळच्या मागण्यांपैकी पहिली बाहेर जाते आणि बाकीच्या तिच्या उत्तरासाठी थांबतात. उत्तर ठेवण्याजोगं नाही असं निघालं तर थांबलेल्यांचा वेळ फुकट जातो, म्हणून लोक ते चालू करायला बिचकतात. मोठ्या फाइलींच्या प्रॉक्सीवर मात्र ते हवंच. आणि ‘नन’ सरसकट कधीही लावू नये. विंडोज अपडेटच्या आणि पॅकेजांच्या सर्व्हरांची एक एसीएल, म्हणजे नियम कुणाला लावायचा त्याची यादी, करावी आणि ‘नन’ तिच्यापुरतंच द्यावं. बाकी सगळ्यांना शून्य.

या कोपऱ्यात काही बिघडलं आहे हे ॲक्सेस लॉगमध्ये दिसत नाही. लॉगमधला पाचवा रकाना क्लायंटला दिलेले बाइट दाखवतो, बाहेरून आणलेले नाहीत. क्लायंटने १ एमबीचा तुकडा घेतला तर तिथे १ एमबीच लिहिलेलं असतं, मागे ३ जीबी आलेले असले तरी. खरा हिशेब कॅशे मॅनेजरच्या, म्हणजे स्क्विडची आकडेवारी दाखवणाऱ्या सोयीच्या, काउंटर पानावर असतो: क्लायंटकडे गेलेले केबी आणि सर्व्हरकडून आलेले केबी. माहितीच्या पानावर ‘पाठवलेल्या बाइटांपैकी हिट’ असा टक्का दिसतो, तो या दोहोंवरून काढलेला असतो आणि चक्क उणे येऊ शकतो. उणे ३० टक्के याचा अर्थ एवढाच, की दर १०० बाइट वाटायला तुमच्या प्रॉक्सीने १३० आणले. प्रॉक्सी काढून टाकला असता तर लाइनवर ओझं कमी पडलं असतं. सेटिंग बदलल्यावर आठवडाभर तरी हा एक आकडा पाहत राहावा. हिटच्या संख्येपेक्षा तो जास्त प्रामाणिक आहे.

इंजिनएक्स या वेब सर्व्हरने हा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला, आणि मला तो मार्ग जास्त पटतो. त्याच्या स्लाइस मॉड्यूलमध्ये फाइलीचे ठरावीक आकाराचे, समजा १ एमबीचे, काप मानले जातात. क्लायंटने काहीही मागितलं तरी मूळ सर्व्हरकडे त्या कापांपुरतीच मागणी जाते, आणि प्रत्येक काप स्वतंत्र वस्तू म्हणून ठेवला जातो. ५ जीबीच्या फाइलीचे ५१२० काप. मध्येच कुणी सोडून गेलं तर वाया जातो फार तर एक काप. एका मोठ्या, न बदलता येणाऱ्या निर्णयाऐवजी पाच हजार छोटे निर्णय. निर्देशिकेचा भारही नगण्य आहे: १ एमबीच्या की-झोनमध्ये, म्हणजे निर्देशिकेसाठी राखलेल्या मेमरीत, साधारण ८ हजार नोंदी मावतात.

फुकट मात्र तेही नाही. स्लाइसची रेंज कॅशे-कीमध्ये, म्हणजे वस्तू ज्या नावाने ठेवली जाते त्या किल्लीत, घालायला विसरलं तर सगळे काप एकाच किल्लीखाली जातात आणि फाइल नीट मिळत नाही. वैध उत्तरांत २०० (पूर्ण उत्तर) बरोबर २०६ ही लिहावं लागतं. मूळ सर्व्हर रेंज पाळत नसेल आणि २०० ने पूर्ण फाइल देत असेल, तर काप पडतच नाहीत, पूर्ण फाइल तशीच पुढे जाते; काही काप मिळाल्यावर मध्येच २०० आला तर मात्र एरर लॉगमध्ये अनपेक्षित स्टेटसची तक्रार येते आणि उत्तर तुटतं. फाइल मध्येच बदलली तर कापांचे ईटॅग, म्हणजे फाइलीच्या आवृत्तीच्या खुणा, जुळत नाहीत आणि उत्तर तिथेच तुटतं, जे योग्यच आहे. शिवाय ‘इनॲक्टिव्ह’चा मूळ कालावधी १० मिनिटांचा आहे; तेवढ्यात कुणी मागितलं नाही तर काप पुसला जातो. मोठ्या फाइलींसाठी तो दिवसांत किंवा महिन्यांत द्यायचा. तरी हे लक्षात असू द्या, की इंजिनएक्स इथे ठरावीक सर्व्हरांपुढे उभा राहणारा उलटा प्रॉक्सी आहे. स्क्विडसारखा वाटेल त्या पत्त्याचा मध्यस्थ नाही. गेमच्या फाइलींसाठी वापरला जाणारा लॅनकॅशे याच कापांवर चालतो, आणि त्यासाठी डीएनएसमध्ये नावं वळवावी लागतात.

व्हार्निश या आणखी एका कॅशे सर्व्हरचा एक आकडा मात्र ओझरता सांगायलाच हवा: ‘न्यूक लिमिट’, मूळ किंमत ५०. नव्या वस्तूला जागा करण्यासाठी तो जास्तीत जास्त इतक्या जुन्या वस्तू काढायचा प्रयत्न करतो. कॅशे लहान-लहान वस्तूंनी भरलेली असेल तर पन्नास काढून फार तर एखादा एमबी मोकळा होतो, आणि ५०० एमबीची फाइल अर्ध्यावर तुटते. स्ट्रीमिंग चालू असल्याने क्लायंटला सुरुवात मिळालेली असते, म्हणून दोष नेटवर्कचा वाटतो. मोठ्या फाइली कंटेंट-लेंग्थ पाहून कॅशेबाहेरून जाऊ देणं किंवा त्यांना वेगळं स्टोरेज देणं, यांपैकी काहीतरी करावं लागतं.

या सगळ्या खटपटीला लायक फाइली किती, हा प्रश्न आधी विचारला तर पुष्कळ श्रम वाचतात. एचटीटीपीएसवरून जे जातं ते स्क्विडला फक्त बोगद्यासारखं दिसतं. ते उघडायचं तर एसएसएल-बंप (स्क्विडची बंद रहदारी मध्येच उघडण्याची सोय) आणि प्रत्येक मशीनवर आपलं स्वतःचं प्रमाणपत्र. बँकेचे व्यवहारही त्याच वाटेने जातात. नुसत्या मोठ्या फाइलींसाठी तो धोका पत्करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. उरतं ते साध्या एचटीटीपीवरचं. डेबियन-उबुंटूची पॅकेजं तिथून सुरक्षितपणे येऊ शकतात, कारण खात्री सहीवर आणि चेकसमवर असते, वाटेवर नसते. विंडोज अपडेटच्या मुख्य फाइलीही बऱ्याचशा तशाच. मात्र विंडोज १० पासूनची मशीनं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनने आपसांतही फाइली वाटून घेतात. ते आधी नीट चालू आहे का पाहावं. कधीकधी प्रॉक्सीचं निम्मं काम तिथेच संपतं. आणि गरज फक्त उबुंटूच्या पॅकेजांची असेल तर स्क्विडशी झुंजण्यापेक्षा त्या पॅकेजांसाठीच असलेला एप्ट-कॅशर-एनजी बसवावा, पोर्ट ३१४२, आणि मोकळं व्हावं.

पॅकेजांना ताजेपणाचे नियम दोन लागतात. डेब फाइलीच्या, म्हणजे डेबियन-उबुंटूच्या पॅकेजाच्या, नावातच आवृत्ती असते, त्या नावाची फाइल पुढे बदलत नाही. तिला ‘रिफ्रेश पॅटर्न’मध्ये १२९६०० मिनिटं, म्हणजे ९० दिवस, बिनधास्त द्यावेत. रिलीज आणि पॅकेजेस या याद्या मात्र सतत बदलतात, आणि त्यांना शून्य. दोघींना एकच नियम लावला तर जुनी यादी आणि नवी यादी एकत्र हाती पडतात आणि एप्ट ‘हॅश सम मिसमॅच’ म्हणून ओरडतं. पॅटर्न वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळणारा लागतो, म्हणून सरसकट टिंबाची ओळ नेहमी शेवटी.

तीच फाइल चार मिररांवरून, म्हणजे तिच्याच प्रती ठेवणाऱ्या वेगवेगळ्या सर्व्हरांवरून, आली तर स्क्विडच्या दृष्टीने त्या चार फाइली असतात, आणि मोठ्या फाइलींत ही चैन परवडत नाही. भारतीय मिरर आणि मुख्य सर्व्हर यांना एकच ओळख देण्यासाठी ‘स्टोअर आयडी’ आहे. पत्त्यांचे नमुने एका फाइलीत लिहायचे आणि बरोबर येणारा स्टोअरआयडी फाइल रीराइट हा मदतनीस त्याला जोडायचा. नमुना ढिला लिहिला तर दोन वेगळ्या फाइलींना एकच ओळख मिळते आणि एकीच्या जागी दुसरी दिली जाते, तेव्हा तो डेब फाइलींपुरताच घट्ट ठेवावा. नमुना बदलला की आधी साठवलेल्या फाइली नव्या ओळखीने सापडत नाहीत, जागा अडवून पडून राहतात आणि पॉलिसी त्यांना सावकाश बाहेर काढते.

काहींना मोठी फाइल ठेवायची नसते, आतच येऊ द्यायची नसते. त्यासाठी ‘रिप्लाय बॉडी मॅक्स साइझ’. कंटेंट-लेंग्थ असेल तर सुरुवातीलाच नकाराचं पान दिसतं आणि सगळं नीट होतं. नसेल तर मर्यादा येताच उत्तर मध्येच कापलं जातं. तुमच्या प्रॉक्सीखाली दुसरा प्रॉक्सी असेल तर त्याला ही कापलेली फाइल पूर्णच वाटते. तो ती साठवतो आणि सगळ्यांना हिट म्हणून वाटत बसतो. साखळीत ही ओळ वापरूच नये. लाइन अडते एवढीच तक्रार असेल तर डिले पूलने वेग बांधावा. फाइल तोडण्यापेक्षा ते बरं.

बदल केल्यावर ‘स्क्विड -के पार्स’ने कॉन्फिगरेशन तपासा, नवी कॅशे डिर असेल तर स्क्विड थांबवून ‘-झेड’ने तिच्या डिरेक्टरी तयार करा, आणि मग चाचणी घ्या. ६०० एमबीच्या आसपासची एक एचटीटीपी फाइल निवडून कर्ल या कमांडने प्रॉक्सीमार्फत दोनदा ओढा. दुसऱ्यांदा लॉगमध्ये टीसीपी हिट दिसला पाहिजे. मग दुसरी, कॅशेत नसलेली फाइल घेऊन ‘-आर’ने तिच्या मधला १ एमबी मागा. क्लायंटला जरा वेळ लागेल. नंतर पूर्ण फाइल मागितल्यावर हिट आला तर रेंजची एसीएल बरोबर बसली. तिसरी फाइल मध्येच कंट्रोल-सीने तोडा आणि बाहेरच्या इंटरफेसवर नजर ठेवा: उणे १ असेल तर रहदारी चालूच राहील, नसेल तर काही क्षणांत थांबेल. चौथ्या फाइलीसाठी दोन खिडक्यांतून एकाच वेळी मागणी करा आणि सर्व्हरकडून आलेल्या केबींचा काउंटर आधी आणि नंतर वाचा. फरक एका फाइलीएवढा हवा. दोन फाइलींएवढा आला, तर कोलॅप्स्ड फॉरवर्डिंगची ओळ अजून बंदच आहे, किंवा ती फाइल मूळ सर्व्हरने ठेवू नका म्हणूनच पाठवलेली आहे. तिचा ‘कॅशे-कंट्रोल’ हेडर आधी पाहा.